परीक्षेसाठी जन्मलेले विद्यापीठ आणि पडद्यावरची उत्तरपत्रिका

जुलै २०१७ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या राज्यपालांनी कुलपती या नात्याने मुंबई विद्यापीठाला आदेश दिला : ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लागलेच पाहिजेत. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने ४७७ परीक्षा घेतल्या होत्या आणि सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका जमा झाल्या होत्या. त्या सगळ्या प्रथमच संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जात होत्या. ३१ जुलै उजाडला आणि मावळला, निकाल मात्र लागले नाहीत. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते.

या प्रकरणाची चर्चा तेव्हा निविदा, सर्व्हर आणि बारकोड यांभोवती फिरली. ती आवश्यकच होती. पण केवळ पेपर तपासण्याची रीत बदलल्याने एक अख्खे विद्यापीठ जागच्या जागी का थांबावे, या प्रश्नाचे उत्तर सर्व्हरच्या खोलीत सापडत नाही. त्यासाठी १८५७ पर्यंत मागे जावे लागते.

१८५४ साली चार्ल्स वुड यांचा खलिता हिंदुस्थानात आला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापावीत, अशी त्यात शिफारस होती. ही विद्यापीठे कशी असावीत, हेही ठरलेले होते. समोर आदर्श ठेवला होता तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा नव्हे, तर लंडन विद्यापीठाचा. १८३६ साली सनद मिळालेले ते विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई.

१८ जुलै १८५७ रोजी, उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला. परीक्षेद्वारे योग्यता पारखणे आणि त्या योग्यतेची खूण म्हणून पदवी देणे, हा विद्यापीठाचा हेतू त्याच्या प्रास्ताविकातच नोंदवलेला आहे. अध्यापनाचा, संशोधनाचा किंवा ज्ञाननिर्मितीचा हेतू तेथे शोधून सापडत नाही. या विद्यापीठाला वर्ग नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती. टाउन हॉलमधून कारभार चाले. फोर्टमधील दीक्षान्त सभागृह आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७० च्या दशकातील. म्हणजे विद्यापीठाला घर मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची परीक्षा सुरू झालेली होती.

पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ ची. तीत चौघे उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे भांडारकर याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे चौघे शिकले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात. विद्यापीठाने त्यांना शिकवले नाही, पारखले. हा भेद आज किरकोळ वाटेल, पण पुढच्या दीड शतकाचा सारा कारभार त्याच भेदावर उभा राहिला.

विद्यापीठ दरवर्षी ‘कॅलेंडर’ नावाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करी. त्यात नियम, नेमलेली पुस्तके, उत्तीर्णांच्या याद्या असत आणि आदल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकाही छापलेल्या असत. एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्याला हे खंड म्हणजे खाणच आहेत. विद्यार्थ्यांना काय येत होते हे त्यांतून फारसे कळत नाही. त्यांना काय विचारले जात होते, ते मात्र अगदी नेमके कळते. सिंधमधील कराचीपासून कर्नाटकातील धारवाडपर्यंत, अहमदाबादपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या महाविद्यालयांना एका सूत्रात बांधणारी वस्तू होती ती ही प्रश्नपत्रिका. मुक्तीनंतर गोव्यात निघालेली महाविद्यालयेही १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत याच परीक्षेला बसत होती.

परीक्षेभोवती फिरणाऱ्या या विद्यापीठावर टीका करणे सोपे आहे, आणि ती त्या काळीही होत होती. घोकंपट्टी हा शब्द काही आजचा नाही. परंतु तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारच्या उच्चशिक्षणविषयक धोरणावर कठोर टीका केली : कर शेतकऱ्यांचा आणि लाभ वरच्या वर्गांचा, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक मागणी केली. ती तुलनेने कमी उद्धृत होते. मॅट्रिकला जसे खासगी रीतीने अभ्यास करणारे बसू शकतात, तसेच त्यांना पदवी परीक्षांनाही बसू द्यावे, ही ती मागणी. ज्याच्यापाशी महाविद्यालयाची फी भरण्याइतका पैसा नाही त्याला घरी अभ्यास करून पदवी मिळवता यावी, हा त्यामागील विचार. फुल्यांना या परीक्षेत केवळ चाळणी दिसत नव्हती. तिच्यात असलेला एक अरुंद दरवाजाही त्यांना दिसत होता. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो आणि तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याची जात दिसत नाही, याचे मोल ज्यांना जातीमुळे दारे बंद होती त्यांना अधिक कळणारे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका आणखी पुढची होती. १९२० च्या दशकात विद्यापीठ सुधारणेवर झालेल्या विचारविनिमयात त्यांनी शिकवणाऱ्या विद्यापीठाचा आग्रह धरला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना उच्च शिक्षण गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत नेणे हे त्यांनी विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य मानले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेल्या त्या विद्वानाला केवळ परीक्षा घेणारी संस्था विद्यापीठ या नावाला अपुरी वाटावी, हे स्वाभाविकच होते.

बदल झाले नाहीत असे नाही. कर्झनच्या काळातील १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची वाट मोकळी करून दिली. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राची धुरा आली. पुढे अनेक नामांकित विभाग उभे राहिले. तरीही पदवीचा विद्यार्थी महाविद्यालयातच राहिला, आणि त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, आसन क्रमांक, निकाल आणि गुणपत्रिका. वसई, पनवेल किंवा सावंतवाडीच्या कित्येक पदवीधरांनी कलिन्याचा परिसर आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. परीक्षा विभाग तेवढा प्रत्येकाच्या ओळखीचा.

संगणक हिंदुस्थानात आला तो मात्र निराळ्या दाराने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ‘टिफ्रॅक’ हा येथेच बांधलेला संगणक १९६० साली पूर्ण झाला. १९६३ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.त आय.बी.एम. १६२० आला आणि त्यावर विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचे धडे मिळू लागले. ही यंत्रे शास्त्रज्ञांची होती. विद्यापीठाच्या प्रशासनात, परीक्षेच्या कारकुनी टेबलापर्यंत संगणक पोहोचला तो बऱ्याच काळानंतर. आणि तोही गुणांच्या बेरजा, गुणपत्रिकांची छपाई अशा हिशेबी कामांसाठी. तेथे तो उपयुक्त ठरला. बेरीज हे यंत्राचे काम आहे, यावर कोणाचे दुमत नव्हते.

उत्तर वाचणे ही मात्र वेगळी गोष्ट. अमेरिकेत यंत्राकडून पेपर तपासून घेण्याचा प्रयत्न फार आधी झाला. मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तरांनी पेन्सिलीची खूण विजेच्या साहाय्याने ओळखणारे यंत्र तयार केले. आय.बी.एम.ने ते विकत घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. पेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते, एवढ्या साध्या तत्त्वावर ते चाले. १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाच्या आधारे खुणा वाचणारे अधिक वेगवान यंत्र बनवले. आपल्याकडील प्रवेश परीक्षांमध्ये गोल काळे करायच्या ज्या ओ.एम.आर. पत्रिका असतात, त्यांचे हे पूर्वज. या साऱ्या यंत्रांची एक अट होती : प्रश्नच असा विचारा की उत्तर खुणेत मावेल. निबंधवजा उत्तर त्यांना वाचता येत नसे, आणि मुंबई विद्यापीठाची परीक्षा तर तशाच दीर्घोत्तरी वळणाची.

म्हणून येथे मधला मार्ग निवडला गेला. उत्तर माणसानेच वाचायचे, पण कागदावर नव्हे, पडद्यावर. जुनी रीत अशी : उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रीय मूल्यांकन केंद्रात, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलीत ‘कॅप’मध्ये जायचे, तेथे बसून लाल शाईने तपासणी, मग नियामकाची हिरवी शाई, मग गुणतक्ते. नव्या रीतीत प्रत्येक उत्तरपत्रिकेवर बारकोड असणार होता, तिचे प्रत्येक पान स्कॅन होणार होते, आणि प्राध्यापकाने आपल्या सांकेतिक शब्दाने संगणकात शिरून समोर येईल ती उत्तरपत्रिका तपासायची होती. बेरीज आपोआप होणार, गठ्ठा गहाळ होण्याची भीती उरणार नाही, कोणी किती वेळात किती पेपर तपासले याची नोंद राहणार आणि पुनर्मूल्यांकनासाठी प्रत लगेच मिळणार. कल्पना म्हणून यात काही वावगे नव्हते. कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठात पडद्यावरची तपासणी त्याआधीच सुरू झाली होती.

वावगे होते ते वेळेचे गणित. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या आणि कंत्राट एका खासगी कंपनीकडे गेले ते एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे विद्यार्थी पेपर लिहीत होते तेव्हा ते तपासणार कसे, हेच पुरते ठरलेले नव्हते. त्यातच १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू झाला होता. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि काहीही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत निकाल, हे बंधन त्यातही होते. सतरा लाखांना पंचेचाळिसाने भागले तर दिवसाला जवळपास अडतीस हजार उत्तरपत्रिका येतात. एका उत्तरपत्रिकेची तीस पाने धरली, तर स्कॅन करायची पाने पाच कोटींच्या वर जातात. हा हिशेब करायला संगणक लागत नाही.

एखाद्या छोट्या विद्याशाखेवर आधी प्रयोग करून पाहता आला असता. प्रत्यक्षात सर्वच शाखा एकदम पडद्यावर आल्या. मग स्कॅनिंग मागे पडले, प्राध्यापक संगणकापुढे बसले तर समोर उत्तरपत्रिकाच येईना, आली तर भलत्याच विषयाची, पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेशी जुळेना. ज्यांनी आयुष्यभर हातात कागद धरून पेपर तपासले होते, त्यांना पुरेशा प्रशिक्षणाविना पडद्याकडे वळावे लागले. त्यांच्यावर तेव्हा आळसाचा आरोप झाला. तो फारसा न्याय्य नव्हता. शिक्षक कितीही तयार असला, तरी पुढ्यात न आलेली उत्तरपत्रिका तो कशी तपासणार?

जुलैच्या उत्तरार्धात एक विलक्षण निर्णय झाला. प्राध्यापकांना तपासणीसाठी मोकळे करता यावे म्हणून संलग्न महाविद्यालयांतील व्याख्याने काही दिवस स्थगित ठेवण्यात आली. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले, वर्गात मुले आलेली, आणि शिकवणे बंद. कारण गेल्या वर्षीची परीक्षा अजून संपलेली नाही. १८५७ च्या कायद्याचे प्रास्ताविक लिहिणाऱ्यांना या निर्णयात काही आश्चर्य वाटले नसते. परीक्षा आणि अध्यापन यांतले एक थांबवण्याची वेळ आली तेव्हा कोणते थांबवायचे, हे या संस्थेने क्षणात ठरवले.

नागपूरसह राज्यातील इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घेतली गेली. कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना ऑगस्टमध्ये रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार सोपवण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नव्या मुदती जाहीर होत राहिल्या आणि टळत राहिल्या. गणपती आले आणि गेले, तरी काही निकाल बाकीच होते. वाणिज्य आणि विधी शाखांचे विद्यार्थी सर्वांत जास्त खोळंबले. परदेशी प्रवेश मिळालेल्यांना गुणपत्रिकेअभावी तेथील सत्र गाठता येईना, पदव्युत्तर प्रवेशाच्या तारखा उलटत होत्या, नोकरी देऊ केलेल्या कंपन्या प्रमाणपत्र मागत होत्या. जेव्हा निकाल लागले, तेव्हा परीक्षा दिलेल्या कित्येकांच्या नावापुढे अनुपस्थित असा शेरा होता. काहींच्या उत्तरपत्रिका सापडतच नव्हत्या.

विद्यार्थ्याच्या हाती या संस्थेविरुद्ध एकच पुरावा असतो : त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद. तो कागद हरवला तर तीन वर्षांचे शिक्षण झाले होते, हे दाखवण्यास दुसरे काही उरत नाही. ज्या निनावीपणामुळे जात झाकली जात होती, त्याच निनावीपणामुळे येथे माणूसच हरवला. बारकोड निसटला की ती उत्तरपत्रिका कोणाचीच नसते.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी देशमुख यांना कुलगुरुपदावरून दूर केले. निकालांचा हा सावळागोंधळ हेच त्याचे कारण होते. पद्धत मात्र रद्द झाली नाही. पडद्यावरची तपासणी पुढेही चालू राहिली आणि हळूहळू अंगवळणी पडली. म्हणजे यंत्र मुळात अशक्य नव्हते. घाईने आणलेले यंत्र अशक्य होते.

याच काळात विद्यापीठांमध्ये दुसरा एक डिजिटल बदल जवळजवळ आवाज न करता घडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील प्रबंध जमू लागले. आज तेथे लाखो प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पूर्वी एक प्रबंध पाहण्यासाठी त्या त्या विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे लागे आणि ग्रंथपालाची मनधरणी करावी लागे. शोधगंगेत त्रुटी आहेत : कित्येक प्रबंधांची पाने वाकडी स्कॅन झाली आहेत, काही मराठी प्रबंधांतला मजकूर शोधताच येत नाही. तरी ही व्यवस्था रुजली. तिला वर्षानुवर्षे वाढायला सवड मिळाली, आणि एखादा प्रबंध तेथे महिनाभर उशिरा चढला म्हणून कोणाचे वर्ष वाया गेले नाही.

परीक्षेला अशी सवड मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा दिसले. वर्ग बंद होते, तरी देशभर वाद पेटला तो शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर. आयोगाने जुलैमध्ये परीक्षा अनिवार्य ठरवल्या; महाराष्ट्र शासनाचा कल त्या न घेण्याकडे होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला : राज्यांना तारखा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, पण अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही. महिनोन्‌महिने शिकवणे कसे झाले, मोबाइल नसलेल्या किंवा घरी नेटवर्क न पोहोचणाऱ्या मुलांचे काय झाले, यावर एवढी मोठी कायदेशीर लढाई झाली नाही.

मुंबई विद्यापीठाने ती परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन घेतली. प्रश्न बहुपर्यायी, गुण पन्नास, वेळ एक तास. २०१७ मध्ये जुनी दीर्घोत्तरी परीक्षा तशीच ठेवून यंत्राला तिच्याशी जुळवून घ्यायला लावले होते. २०२० मध्ये यंत्राला जमेल अशी परीक्षाच तयार केली गेली. जॉन्सन आणि लिंडक्विस्ट यांच्या यंत्रांची जी अट होती, ती अशी महामारीच्या निमित्ताने येथवर पोहोचली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने १८५७ च्या उठावाची कारणे चार पर्यायांतून निवडली. निकाल या वेळी लवकर लागले आणि ते घसघशीत होते. मग त्या पदवीधरांना ‘कोविड बॅच’ म्हणून हिणवणे सुरू झाले. परीक्षा घेतल्याखेरीज पदवी नाही असे ज्यांना सांगितले गेले होते, त्यांना परीक्षा देऊनही आपली पदवी खरी आहे हे पटवत बसावे लागले.

२०२१ मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक आता बँकेतील ठेवीसारखे त्याच्या खात्यात जमा होतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. पदव्या आणि गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळू लागल्या आहेत. जमा झालेली ठेव सुरक्षित आहे. ती जमा होण्याआधी मात्र कोणा प्राध्यापकाला आजही एक उत्तरपत्रिका उघडावी लागते, अक्षर लावावे लागते, आणि साडेचार द्यायचे की पाच, हे ठरवावे लागते. मग ती कागदावर असो वा कलिन्यात स्कॅन होऊन पडद्यावर आलेली असो.